पोकळ भिंत बांधताय? आधी आतल्या हवेचा बंदोबस्त करा

भिंतींच्या उष्णतारोधाचे हिशेब करायचे आणि मग साइटवर जाऊन ते खरोखर उतरलेत का ते बघायचं, हे माझं काम. पोकळ भिंतीचं, म्हणजे मध्ये फट ठेवून समोरासमोर बांधलेल्या दोन भिंतींचं, ड्रॉइंग समोर आलं की मी पहिल्यांदा विचारते, ही पोकळी कशासाठी ठेवली आहे? उत्तर ठरलेलं असतं: "हवा उष्णता अडवते ना, म्हणून." मग चर्चा सुरू होते ती रुंदीची. 50 मिमी ठेवू की 75, की जागा आहे तर 100? या वादात अख्खी मीटिंग निघून जाते. ज्या तीन गोष्टींवर सगळं ठरतं त्या मात्र कुणी काढत नाही. आतली हवा हलते का, पोकळीतले समोरासमोरचे पृष्ठभाग कसे आहेत, आणि पोकळी कुठे कुठे ओलांडली गेली आहे. रुंदीचा नंबर या तिघांच्या बराच मागे लागतो.

पोकळीतून उष्णता जाते तरी कशी

स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण 0.025 वॅट प्रति मीटर केल्विन. भाजलेल्या विटेची 0.8च्या आसपास. म्हणजे हवा विटेपेक्षा तीसेक पट चांगली रोधक. आता जाडीला वाहकतेनं भागलं की त्या थराची आर-व्हॅल्यू, म्हणजे अडवणूक, मिळते. 50 मिमी हवेचा हिशेब 0.05 भागिले 0.025, म्हणजे 2.0. एवढी अडवणूक मिळाली असती तर रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं रोधक) बनवणाऱ्यांना दुकान बंद करावं लागलं असतं.

प्रत्यक्षात 50 मिमीच्या उभ्या, बंद पोकळीची आर-व्हॅल्यू 0.18 धरतात. दहावा हिस्सासुद्धा नाही. उरलेलं जातं कुठे?

थोडं जातं हवेच्या फिरण्यात. पोकळीच्या गरम बाजूची हवा तापून वर चढते, थंड बाजूची जड होऊन खाली उतरते, आणि आतल्या आत एक चक्र सुरू होतं. ही हवा उष्णता एका भिंतीकडून उचलते आणि दुसऱ्या भिंतीला नेऊन देते. पण खरा चोर हा नाही. खरा चोर आहे प्रारण. गरम भिंत समोरच्या थंड भिंतीकडे अवरक्त किरणांनी उष्णता थेट फेकते आणि मधली हवा त्याला पारदर्शक असते. हवा कितीही स्थिर ठेवा, प्रारणाला त्याचं सोयरसुतक नाही.

साधारण 10 अंश सेल्सिअसला, दोन्ही बाजूंना वीट किंवा गिलावा असेल, तर पोकळीतून दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकाला 5.4 वॅट जातात. त्यातले जवळपास 4.2 प्रारणाचे. चारातले तीन भाग! आणि भिंत जितकी तापेल तितका हा वाटा वाढतो. 30 अंशांच्या आसपास त्याच पोकळीची आर-व्हॅल्यू 0.16च्या खाली घसरते.

आता रुंदीचं बघा. आयएसओ 6946 या मानकात उभ्या पोकळीचे आकडे दिलेत: 5 मिमीला 0.11, 10 मिमीला 0.15, 15 मिमीला 0.17, 25 मिमीला 0.18. पुढे 50 मिमीला 0.18, 100 मिमीला 0.18, 300 मिमीलाही 0.18. कारण सरळ आहे. प्रारणाला अंतराचा फरक पडत नाही, आणि 20 मिमीच्या पुढे रुंदी वाढवून स्थिर हवेतून जे वाचतं ते हवा फिरायला मोकळी झाल्यामुळे निघून जातं. म्हणून उष्णतेसाठी रिकामी पोकळी 25 मिमीपेक्षा रुंद करण्यात काहीच हशील नाही.

मग बांधकामात 50 मिमी का ठेवतात? पावसासाठी. पोकळ भिंतीची पद्धत मुळात रुजली तीच बाहेरच्या विटेतून झिरपलेलं पाणी आतल्या भिंतीला पोचू नये म्हणून, उष्णतारोध नंतर चिकटलेला फायदा. शिवाय 25 मिमीची पोकळी गवंड्याला स्वच्छ ठेवताच येत नाही. सांडलेला माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) दोन्ही भिंतींना चिकटून बसतो.

कागदावर आधी हिशेब मांडा

आकडेमोड सोपी आहे आणि ती स्वतः करावी. प्रत्येक थराची आर-व्हॅल्यू काढा, आतल्या पृष्ठभागाची 0.13 आणि बाहेरच्याची 0.04 मिळवा, बेरजेनं 1ला भागा. आली यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून होणारी उष्णतेची गळती. जितकी कमी तितकं चांगलं.

230 मिमीची भरीव विटेची भिंत, दोन्हीकडे 15 मिमी गिलावा: बेरीज साधारण 0.50, यू-व्हॅल्यू 2.0. आता 100 मिमी वीट, 50 मिमी रिकामी पोकळी, 100 मिमी वीट आणि तोच गिलावा: बेरीज 0.64, यू-व्हॅल्यू 1.56. फायदा आहे, पण दोन भिंती, त्यांना जोडणाऱ्या धातूच्या सळ्या (टाय) आणि जास्तीची जागा एवढं सगळं घालून वीसेक टक्के. त्याच पोकळीत 0.038 वाहकतेचं रॉकवूल पूर्ण भरलं तर बेरीज 1.78 आणि यू-व्हॅल्यू 0.56. भिंत तेवढीच जाड, गळती एक तृतीयांशावर.

यात गंमत अशी की रॉकवूल, थर्माकोल, एएसी (हवेच्या बुडबुड्यांचे हलके) ब्लॉक हे सगळे हवेच्याच जिवावर काम करतात. फरक इतकाच की तिथे हवा तंतूंमध्ये किंवा बारीक बुडबुड्यांत कोंडलेली असते. तिला फिरायला जागा नाही, आणि प्रारणाला वाटेत शेकडो आडोसे. पोकळ काँक्रीट ब्लॉकचं नेमकं उलट असतं: भोकं मोठी, आणि दोन तोंडांना जोडणारे काँक्रीटचे पडदे उष्णतेला सरळ रस्ता देतात. त्यापेक्षा पुष्कळ बारीक, एकाआड एक सरकवलेल्या भोकांचा मातीचा ब्लॉक कितीतरी सरस, कारण उष्णतेला नागमोडी जावं लागतं.

विटा कडेवर उभ्या ठेवून आत पोकळी सोडणाऱ्या रॅट-ट्रॅप बांधणीबद्दल मला हटकून विचारतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ती लोकप्रिय केली. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, ही तिची मोठी जमेची बाजू. उष्णतेच्या बाबतीत तीही वरच्या नियमातच बसते. पोकळी आहे तिथे फायदा, आडवी वीट आरपार गेली आहे तिथे नाही.

फॉइल: स्वस्तातला सगळ्यात मोठा फायदा, पण नीट लावलं तर

चारातले तीन भाग प्रारणाने जातात हे एकदा पटलं की पुढचं आपोआप सुचतं. वीट, गिलावा, काँक्रीट यांची उत्सर्जकता, म्हणजे प्रारण बाहेर फेकण्याची क्षमता, 0.9च्या आसपास असते. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलची 0.05 किंवा त्याहून कमी. पोकळीच्या एकाच बाजूला फॉइल आलं तरी प्रारण 4.2वरून पाव वॅटवर येतं आणि पोकळीची आर-व्हॅल्यू 0.18वरून 0.66 होते. वरच्या रिकाम्या पोकळीच्या भिंतीची यू-व्हॅल्यू मग 1.56ची 0.89 होते.

अटी मात्र कडक. फॉइलच्या चकचकीत तोंडासमोर हवा हवीच. गिलाव्याला किंवा बोर्डाला दोन्ही बाजूंनी चिकटलेलं फॉइल म्हणजे नुसता उष्णतावाहक धातू, तिथे ते शून्य काम करतं. मी हे साइटवर अजूनही बघते: फॉइल लावलंय, त्यावर प्लायवूड ठोकलंय, आणि कागदावर फायदा पूर्ण धरलाय. दोन्ही बाजूंना फॉइल लावायची गरज नाही, एका बाजूनेच बहुतेक काम होतं. धूळ किंवा सिमेंटचा शिंतोडा बसला की उत्सर्जकता चढते. ती 0.2 झाली तरी आर-व्हॅल्यू 0.44वर येते. म्हणून आडव्या पोकळीत चकचकीत बाजू नेहमी खाली तोंड करून लावा, म्हणजे धूळ बसायला जागाच नाही.

पांढरा रंग आतून लावला तर चालेल का, असंही विचारतात. नाही. पांढरा रंग बाहेरच्या भिंतीवर ऊन परतवतो, पण पोकळीतल्या अवरक्त किरणांच्या लेखी तो विटेइतकाच काळा आहे.

पोकळीच्या मधोमध दोन्ही बाजूंनी चकचकीत फॉइल ताणून बसवलं तर दोन पोकळ्या होतात, प्रत्येकीची 0.66, म्हणजे 1.3. रॉकवूल भरल्याइतकंच! कागदावर झकास दिसतं. बांधकाम चालू असताना ते फॉइल न फाटता, न लोंबता, न मळता मधोमध राहील याची खात्री मला कुणी दिलेली नाही. आतून लाकडी किंवा धातूच्या पट्ट्यांवर जिप्सम बोर्ड लावताना मात्र हेच एका पोकळीपुरतं सहज जमतं: फॉइल आधीच चिकटवलेला बोर्ड घ्या, चकचकीत बाजू भिंतीकडे, मध्ये 20 ते 25 मिमी मोकळी जागा. एक सावधगिरी घ्या. फॉइल बाष्पही अडवतं. थंड हवामानात ते आतल्या, म्हणजे उबदार बाजूला असलेलं बरं. दमट गरम हवेत आत एसी चालू असेल तर उबदार बाजू बाहेरची. हे उलटं झालं की फॉइलच्या मागे दव साचतं आणि बुरशी धरते.

बांधताना डोळ्यात तेल घालून काय बघायचं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण चांगला हिशेब वाया जातो तो इथेच.

सांडलेला माल. प्रत्येक थराला विटेच्या आतल्या कडेने थोडा माल पोकळीत ओघळतो. तो टायवर बसतो, वाळतो, त्यावर पुढचा बसतो, आणि काही थरांनंतर दोन्ही भिंतींना जोडणारा एक गड्डा तयार होतो. ओल आणि उष्णता दोन्हींना पूल. उपाय जुना आहे आणि अजून त्याला तोड नाही. पोकळीपेक्षा किंचित अरुंद लाकडी पट्टी दोन्ही टोकांना दोरी बांधून टायवर ठेवायची. पुढच्या टायच्या थरापर्यंत बांधकाम आलं की पट्टी हळूच वर ओढून घ्यायची, तिच्यावरचा माल झटकायचा, टाय बसवायचे, पट्टी परत ठेवायची. आतल्या बाजूचे दर्जे, म्हणजे विटांमधले मालाचे सांधे, थापीने लगेच सपाट करून घ्यायचे. पायथ्याशी काही विटा कोरड्या ठेवा, म्हणजे शेवटी त्या काढून तळ साफ करता येतो.

टाय. आडवे 900 मिमी आणि उभे 450 मिमी अंतराने म्हणजे चौरस मीटरला अडीच, ही रूढ मांडणी. खिडक्या-दारांच्या कडेला जास्त. टायच्या मधला पीळ किंवा खाच खाली तोंड करून यायला हवी, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. टाय आतल्या बाजूला कधीच उतरता नको. रिकाम्या पोकळीत टायमधून जाणारी उष्णता नगण्य. पोकळी भरली की ती दिसू लागते: 4 मिमीच्या साध्या पोलादी टायने 0.56च्या भिंतीत दोन-तीन टक्के भर पडते. स्टेनलेस घेतले तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. गंजतही नाहीत, तेव्हा इथे काटकसर नको.

खिडकीच्या कडा. टायपेक्षा मोठा घोटाळा इथे. पोकळी बंद करायला गवंडी वीट वळवून दोन्ही भिंती जोडतो. धरा, 3 बाय 3 मीटरची भिंत, त्यात 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच खिडकी. फक्त दोन उभ्या कडांना 100 मिमीची वीट आरपार गेली तरी भरलेल्या पोकळीच्या त्या भिंतीची गळती ढोबळमानाने दहा टक्क्यांनी वाढते. कडेला रोधक पट्टी घालून, उभी डीपीसी (ओल अडवणारी पट्टी) देऊनच पोकळी बंद करा. स्लॅबची कड बाहेरपर्यंत गेली असेल तर तीही बाहेरून रोधकाने झाका.

पोकळी रोधक बोर्डाने अर्धवटच भरायची असेल तर बोर्ड आतल्या भिंतीला घट्ट चिकटलाच पाहिजे. यावर मी अडून बसते. बोर्डामागे काही मिमीची फट राहिली आणि बोर्डांच्या सांध्यांतही फटी असल्या, तर थंड हवा वरून-खालून आत शिरते आणि बोर्डाला वळसा घालून फिरते. बोर्ड जागेवर आहे, पण उष्णता त्याच्या मागून निघून जाते. बोर्डाच्या गोल पकडी प्रत्येक टायवर दाबून बसवल्यात का, मालाचा बाहेर आलेला गोळा बोर्डाला उचलून धरतोय का, हे बोट फिरवून बघा. नजरेला ही फट कळत नाही, बोटाला कळते.

हवेच्या या वळशाचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं. दोन चिकटून असलेल्या घरांमधल्या पोकळ भिंतीतून उष्णता जातच नाही असं सगळे धरून चालायचे, कारण दोन्हीकडे घर उबदार. लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टॅमफर्ड ब्रूक इथल्या घरांमध्ये मोजलं तर भलतंच निघालं. पोकळी धुरांड्यासारखी वागत होती. दोन्ही घरांची ऊब घेऊन हवा माळ्यावर निघून जात होती. 2010च्या तिथल्या नियमांत मग अशा रिकाम्या आणि कडा न बुजवलेल्या पोकळीला यू-व्हॅल्यू 0.5 धरायला लावली, कडा बुजवल्या तर 0.2, आणि पूर्ण भरून कडा बुजवल्या तरच शून्य. तेव्हा पोकळीचा माथा आणि टोकं बंद करा. छताखाली उघडी राहिलेली पोकळी म्हणजे हिशेबात लिहिलेले 0.18 पण नाहीत.

पायथ्याची पाणी निघून जायची भोकं मात्र बुजवू नका. नुसत्या तळाच्या या उघड्या सांध्यांना मानकातही वायुवीजन मानत नाहीत. वर आणि खाली दोन्हीकडे झरोके दिले की गोष्ट बदलते. दर मीटर लांबीला 500 चौरस मिमीपर्यंत उघडीक असेल तर पोकळी बंदच समजतात. 1500च्या वर गेलं की पोकळी आणि बाहेरची भिंत दोन्ही हिशेबातून काढून टाकायची.

हवा खेळती कधी ठेवायची

वरचं सगळं ऊब आत ठेवायची किंवा गारवा जपायचा असेल तेव्हाचं. उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर दगडाचा किंवा टाइलचा वेगळा पडदा टांगायचा असेल तर नियम उलटा: त्यामागची पोकळी वर-खाली उघडी ठेवा. पडदा ऊन झेलतो, मागची हवा तापून वरून बाहेर पडते, भिंत सावलीत राहते. रोधक मात्र आतल्या भिंतीला बाहेरून चिकटलेलं हवं, पडद्याच्या मागे लटकलेलं नव्हे.

छप्पर हा तर फॉइलचा हक्काचा प्रांत. उष्णता वरून खाली येते तेव्हा गरम हवा आधीच वर असते, तिला फिरायला कारणच नसतं. राहतं फक्त प्रारण. खाली तोंड केलेल्या फॉइलची 100 मिमीची बंद आडवी पोकळी 1.6च्या आसपास आर-व्हॅल्यू देते. फॉइल नसेल तर तीच 0.22. भिंतीत अशी कमाई कधी होत नाही. थंडीत उष्णता खालून वर जाते तेव्हा मात्र हा फायदा बराच आटतो, हे लक्षात असू द्या.

भिंत आधीच बांधलेली असेल तर

आधी पोकळी आहे का ते बघा. खिडकीच्या चौकटीपाशी जाडी मोजा. 250 मिमीच्या वर विटेची भिंत असेल आणि बाहेरून सगळ्या विटांच्या फक्त लांब बाजू दिसत असतील, एकही तोंड दिसत नसेल, तर पोकळी असण्याची दाट शक्यता. मग दर्ज्यात 10-12 मिमीचं भोक पाडून बोरस्कोप (टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी) आत घाला. विटेत नको, दर्ज्यात, नंतर बुजवलेलं दिसत नाही. आत माल किती सांडलाय, टाय गंजलेत का, ओल आहे का, हे सगळं भरायच्या आधी कळायला हवं. मळलेली किंवा ओली पोकळी भरू नका. पावसाचा मारा थेट बसणारी आणि दर्जे उखडलेली भिंत तर नाहीच, आधी बाहेरची दुरुस्ती. भरताना गॅस उपकरणांसाठी ठेवलेले झरोके बुजणार नाहीत अशी नळी आधी बसवून घ्या, हा जिवाचा प्रश्न आहे.

हवा कुठून सुटते ते बघायला वाऱ्याच्या दिवशी स्विच बोर्ड, पाइपांची भोकं, खिडकीच्या कडा यांच्याजवळ उदबत्ती धरा. धूर आडवा गेला की फट सापडली. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर फॉइलवर थेट रोखू नका. चकचकीत पृष्ठभाग स्वतःचं नव्हे, समोरच्या वस्तूचं तापमान दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग त्या तुकड्यावर मोजा.

आणि आग. उभी सलग पोकळी ज्वाळांना वर ओढून नेते. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017ला लागलेल्या आगीत 72 जण गेले. पॉलिथिलीन गाभ्याचं बाहेरचं आवरण पेटलं आणि त्यामागच्या पोकळीनेही आगीला वाट दिली. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आणि प्रत्येक खिडकीभोवती आग अडवणारे पडदे हवेतच. खेळत्या पोकळीसाठी उष्णता लागताच फुगून जागा बंद करणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. उंच इमारतीत ज्वलनशील रोधकाला मी सही देत नाही, त्याची आर-व्हॅल्यू कितीही चांगली असो.